पहिल्या मॅरेथॉनचा प्लॅन आपल्या मापाचा कसा करायचा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. नोंदणी झाली की बहुतेक जण पहिलं काम करतात ते सोळा किंवा अठरा आठवड्यांचा तयार प्लॅन मोबाइलवर उतरवून घेण्याचं. तक्ता फ्रिजवर लागतो आणि सोमवारपासून टिकमार्क सुरू होतात. मी सांगेन, टिकमार्कच्या आधी त्या तक्त्याची पहिली ओळ नीट वाचा. साधारण अशी असते: मंगळवारी ५, बुधवारी ६, गुरुवारी ५, रविवारी १० किलोमीटर. बेरीज २६. म्हणजे तुम्ही आजच आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर आरामात धावता, आणि तेही दोन-तीन महिन्यांपासून, असं लिहिणाऱ्याने धरून चाललेलं असतं. तो प्लॅन मॅरेथॉनला नवीन असलेल्या धावपटूसाठी असतो. ज्याने धावायलाच नुकती सुरुवात केली आहे, त्याच्यासाठी तो नसतो. नडगी आणि गुडघ्याची निम्मी दुखणी याच फरकातून येतात, असं माझं ठाम मत आहे.

आता कॅलेंडर घ्या. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारापासून सोळा आठवडे मागे मोजले की आपण सप्टेंबरच्या अखेरीला येतो. तुम्ही जुलैच्या सुरुवातीला असाल, तर प्लॅन सुरू व्हायला चांगले बारा आठवडे आहेत. ते पाया घालायचे आठवडे. आणि सप्टेंबर उजाडलाय, धावणं मात्र अजून बसस्टॉपपर्यंतच आहे, अशी स्थिती असेल तर यंदा अर्धमॅरेथॉन किंवा १० किलोमीटर धावा आणि पूर्ण अंतर पुढच्या जानेवारीला ठेवा. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, तरी मी प्रत्येकाला हेच सांगते.

सुरुवातीला तपासणी

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चालताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग बूट. कोणत्या चाचण्या करायच्या ते डॉक्टर ठरवतील. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी मंडळींत आणि बायकांमध्ये, यांतलं काहीतरी कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन ९ असताना दम लागतो तो सराव कमी पडल्यामुळे नाही. त्यावर आणखी सराव हा उपाय होऊच शकत नाही.

पाया म्हणजे नेमकं काय बांधायचं

धावायला लागल्यावर शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने सुधारत नाहीत. रक्तातला द्रव वाढणं, हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जाणं हे काही आठवड्यांत जाणवतं. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढायला थोडा जास्त वेळ लागतो. सगळ्यांत सावकाश चालतात ती हाडं, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांध्यांभोवतीचे बंध. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. हे चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ते हाड थोडं कच्चंच असतं.

त्यामुळे साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात एक फसवी वेळ येते. दम लागत नाही, अंगात जोर आहे, मन म्हणतं आज १५ मारू. छाती तयार असते, नडगी तयार नसते. पायाच्या बारा आठवड्यांत सर्वांत जास्त संयम इथे लागतो.

पाया घालण्याची ही शिस्त जगाला दाखवून दिली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हॉलबर्ग ५००० मीटरमध्ये. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी लिडियार्ड स्नेलला ऑकलंडजवळच्या डोंगराळ वायटारुआच्या वाटेवर सुमारे ३५ किलोमीटर पळवत असत. वेगाचा सराव नंतर, आधी महिनोन्‌महिने लांब आणि सलग धावणं. आपल्याला त्यांचे आकडे मुळीच उचलायचे नाहीत, क्रम तेवढा उचलायचा.

किती हळू?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच हळू. कसोटी सोपी आहे: धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बाहेर पडत असेल तर वेग कमी करा. एकटे धावत असाल तर एखादा श्लोक किंवा अभंगाची ओळ मोठ्याने म्हणून बघा. ओळ मध्येच तुटली, तर तुम्ही जोरात धावताय. घड्याळातल्या हृदयठोक्यांच्या पट्ट्यांवर सुरुवातीला फार विसंबू नका. २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकतं.

नव्या धावपटूचा हा निवांत वेग किलोमीटरला साडेसात, आठ, नऊ मिनिटं असू शकतो. काहींना हा वेग धावत टिकवताच येत नाही, लगेच दम लागतो. त्यांनी सरळ चालत-धावत पद्धत घ्यावी: तीन मिनिटं धाव, एक मिनिट झपझप चाल. अमेरिकेचे ऑलिंपियन जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकापासून हीच पद्धत शिकवली आणि असंख्य सामान्य माणसांना मॅरेथॉनपर्यंत नेलं. चालण्यात कमीपणा मानू नका. फक्त चाल ठरवून घ्या. पाय थकल्यावर नाइलाजाने चालणं आणि पहिल्या किलोमीटरपासून घड्याळ लावून चालणं यांत फार फरक आहे.

बारा आठवडे

पायाच्या काळात किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. दमट दिवशी, खराब रस्त्यावर, झोप अपुरी झाल्यावर तेच ५ किलोमीटर वेगळे पडतात. ४० मिनिटं म्हणजे ४० मिनिटंच. शिवाय मिनिटं मोजली की आपोआप हळू धावलं जातं, कारण लवकर संपवून घरी जायची घाई उरत नाही.

पहिले चार आठवडे: मंगळवार, गुरुवार, शनिवार प्रत्येकी ३० मिनिटं, रविवारी ४५. सगळं चालत-धावत. चौथ्या आठवड्यात शनिवार गाळा.

पाचवा ते आठवा: मधले दिवस ३५ ते ४० मिनिटं, रविवार ६० वरून ७५ वर. पाच मिनिटं धाव, एक मिनिट चाल, किंवा जमेल तेवढं सलग. आठवा आठवडा पुन्हा हलका.

नववा ते अकरावा: मंगळवारी ४०, गुरुवारी ५०, शनिवारी ४०, आणि रविवारी अनुक्रमे ८०, ९०, १००. बाराव्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी करा आणि रविवारी ६० मिनिटांवर थांबा.

अकराव्या आठवड्याची बेरीज २३० मिनिटं होते. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या वेगाने सुमारे ३० किलोमीटर. आता प्लॅनची २६ किलोमीटरची पहिली ओळ तुम्हाला हलकी वाटेल, आणि प्लॅनची सुरुवात अशीच हलकी वाटायला हवी.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो ढोबळ आहे. मला त्यापेक्षा पायऱ्यांची वाढ जास्त भरवशाची वाटते: एक भार दोन आठवडे तसाच ठेवायचा, शरीराने तो पचवला असं वाटलं तरच पुढची पायरी. वर दिलेला तक्ता तुम्हाला जड जात असेल तर जो आठवडा जड गेला तो दोनदा करा आणि बाराचे सोळा होऊ द्या.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम हवाच. जिम लागत नाही. जिन्याच्या कडेवर पंजे टेकवून टाचा वर-खाली करणं, आधी दोन पायांवर, मग एकेका पायावर, प्रत्येकी १५ चे तीन सेट. उठाबशा, पाठीवर झोपून कंबर उचलणं, एका पायावर उभं राहून हळूच खाली वाकणं, आणि प्लँक. पोटरीचा व्यायाम कंटाळवाणा असतो म्हणून तोच आधी गळतो. धावताना मात्र प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर येतो, तेव्हा बाकी काही राहिलं तरी हा चुकवू नका.

आठव्या आठवड्यानंतर एका दिवसाच्या शेवटी २० सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या धावा घालायला हरकत नाही. जीव तोडून नाही, फक्त पाय चपळ पडावेत म्हणून, आणि प्रत्येकीनंतर पूर्ण विश्रांती.

पावसातला पाया

आपल्याकडे हे बारा आठवडे नेमके पावसाळ्यात येतात. हवा त्यातल्या त्यात थंड असते हा फायदा, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर तापतं. त्यामुळे वेग आणखी कमी ठेवा. पाणी साचलेल्या रस्त्यावर पाऊल टाकू नका, खाली खड्डा आहे की उघडं झाकण हे दिसत नाही. शेवाळलेल्या फरशीच्या पदपथापेक्षा डांबरी रस्त्याची कड बरी, मात्र अंगावर काहीतरी चमकणारं असू द्या आणि वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूने धावा.

ओले बूट उन्हात किंवा हीटरवर ठेवले तर सोलचा फोम आणि गोंद खराब होतो. आतला सोल बाहेर काढा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा, तासाभराने ओले बोळे काढून नवे घाला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी बूट घालण्याइतका कोरडा मिळतो. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. ओल्या कपड्यांनी काख, मांड्या आणि पुरुषांच्या छातीवर कातडी सोलवटते, त्यासाठी निघण्याआधी व्हॅसलीन. घरी आल्यावर पायाच्या बोटांमधली जागा पुसून कोरडी करा. चिखल्या झाल्या की आठ-दहा दिवस वाया जातात.

सप्टेंबरातली सातारा हिल अर्धमॅरेथॉन अनेकांना खुणावते. यवतेश्वरचा घाट, बाजूला धुकं, सगळं सुंदर आहे. पण पायाच्या काळात तो चढ आणि विशेषतः तो लांब उतार जोरात धावलात, तर मांड्या आणि गुडघे पुढचे दोन आठवडे फुकट घालवतात. गेलातच तर सहलीच्या वेगाने जा, चढ चाला, उतारावर छोटी पावलं टाका.

आता प्लॅनला कात्री

पाया झाला. फ्रिजवरचा तक्ता खाली उतरवा आणि पेन्सिल घ्या. कोणत्याही प्लॅनमध्ये चारच गोष्टी असतात: आठवड्याची एकूण बेरीज, रविवारची लांब धाव, एखादा कष्टाचा दिवस, आणि विश्रांती. काटछाट करताना यांतल्या कशाला हात लावतोय हे माहीत असलं पाहिजे.

पहिलं काम, तुमच्या मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढा आणि प्लॅनच्या पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. प्लॅन बराच वर असेल, तर त्याच्या बेरजा खाली आणा. पहिला आठवडा तुमच्या सरासरीएवढा ठेवा आणि तिथून चढत जा.

मग दिवस. पुष्कळ प्लॅन पाच-सहा दिवस धावायला लावतात. लोकलचा दीड-दोन तासांचा प्रवास, घर, मुलं, नोकरी सांभाळणाऱ्याला चार दिवस पुरेसे आहेत. गाळायचा तो आठवड्याच्या मधला एखादा छोटा निवांत दिवस. लांब धाव गाळू नका. गाळलेल्या दिवसाचे किलोमीटर रविवारवर चढवू नका. ही चूक सर्रास होते आणि महाग पडते.

सर्वांत मोठी काटछाट लांब धावेत लागते. बहुतेक प्लॅन ३२ किलोमीटरपर्यंत नेतात. किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी धावणाऱ्याला त्यासाठी तीन तासांहून थोडं कमी लागतं. तुमचा वेग आठ मिनिटं असेल तर तेच ३२ किलोमीटर म्हणजे चार तास सोळा मिनिटं. सव्वाचार तासांची झीज भरून यायला आठवडा-दीड आठवडा जातो आणि पुढचे सगळे दिवस कोलमडतात. म्हणून मी साडेतीन तासांवर रेघ मारते. आठ मिनिटांच्या वेगाने ते २६ किलोमीटर होतात. 'मग ४२ मधले उरलेले १६ कसे जमणार?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शनिवारात आहे. शनिवारी ७५ मिनिटं निवांत धावा आणि रविवारी थकलेल्या पायांनी २६ किलोमीटर. दोन दिवसांत ३५ किलोमीटर होतात, एका दिवसात एवढं धावण्याची मोडतोड मात्र टळते. गॅलोवे यांच्यासारखे प्रशिक्षक नवशिक्यांना शर्यतीआधी जवळपास पूर्ण अंतर करायला लावतात हे खरं. पण ते भरपूर चालण्यासह, अतिशय संथ, आणि अशा दोन धावांमध्ये दोन-तीन आठवडे ठेवून. तो मार्ग घ्यायचा तर पूर्ण घ्या, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नको.

तीन तासांच्या वरच्या धावा एकूण चार पुरतात, आणि त्या एकाआड एक रविवारी ठेवा. मधल्या रविवारी दीड-दोन तास. शेवटची मोठी धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

कष्टाचा दिवस आठवड्यातून एकच. पहिल्या मॅरेथॉनला ४०० मीटरच्या जोरदार फेऱ्यांची गरज नाही. त्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे दोन टेंपो, म्हणजे तीन-चार शब्द बोलता येतील एवढ्या जोराचे, किंवा चढाचा सराव. मुंबईच्या मार्गावर वर्षानुवर्षं परतीच्या वाटेत, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडचा चढ येत आला आहे. मार्गात बदल होत असतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा नीट बघा, पण चढाची तयारी वाया जात नाही. घराजवळचा उड्डाणपूल पहाटे पाच-सहा वेळा चढून-उतरून या. वर जाताना नजर दहा-बारा पावलांवर, पावलं आखूड, हात थोडे जास्त हलवायचे, वेग पडू द्यायचा आणि श्वास एकसारखा ठेवायचा.

आणि आता घरचं कॅलेंडर. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसातली वर्षअखेर, सगळं तक्त्यावर आधीच लिहा. दिवाळी शर्यतीच्या नऊ ते तेरा आठवडे आधी येते, नेमकी लांब धावा वाढत असताना. तयार प्लॅनला हे माहीत नसतं. हलका आठवडा उचलून दिवाळीच्या आठवड्यात आणून ठेवा. घरी पाहुणे, रात्री जागरण, पोटात चकल्या आणि पहाटे चारला २२ किलोमीटर, हे जमवण्याचा हट्ट कशासाठी? ऑक्टोबरातल्या उन्हाचंही तसंच. अंगाला गरमीची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर लांब धाव पहाटे साडेचारला सुरू करा आणि वेगाकडे बघू नका.

डिसेंबरात पुणे किंवा वसई-विरारला अर्धमॅरेथॉन धावा. त्याने दोन कामं होतात: गर्दीत, पाण्याच्या टेबलांवर, स्वच्छतागृहाच्या रांगेत वावरायची सवय होते, आणि जानेवारीसाठी खरा आकडा मिळतो.

दिवस चुकले तर

चुकणारच. एक ते तीन दिवस गेले तर ते विसरा आणि तक्त्यावर आज जे लिहिलंय ते करा. आठवडा गेला तर मागचा पूर्ण झालेला आठवडा पुन्हा करा. दोन आठवडे गेले तर तीन आठवडे मागे जा आणि पहिल्या दोन-तीन धावा अर्ध्याच ठेवा. दहा दिवसांत दमसास फारसा घटत नाही, घाबरून दुप्पट सराव केल्याने मात्र इजा नक्की होते. शर्यतीच्या आधीच्या दहा आठवड्यांत सलग तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, तर पूर्ण अंतराचा विचार सोडणं शहाणपणाचं.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या यांचा हंगाम असतो. ताप असताना धावायचं नाही, अगदी हळूही नाही. विषाणूचा परिणाम कधीकधी हृदयाच्या स्नायूवर होतो आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. डेंग्यूनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, आणि तेही आधी आठवडाभर चालून मग धावा. चिकुनगुन्याची सांधेदुखी कित्येक आठवडे, कधी महिने रेंगाळते, तिथे तक्ता बंद करून ठेवण्याला पर्याय नाही.

दुखणं ओळखा

दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांचे स्नायू सारखे ठणकत असतील तर काळजी नाही. एकाच बाजूला, एकाच जागी, रोज थोडं जास्त दुखत असेल तर काळजी आहे. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे अंग तापल्यावर कमी होतं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसतं, त्यात जपून धावता येतं. चाल बदलली, लंगडायला लागलात, की तिथेच थांबून रिक्षा करा.

नडगीचं एक घरच्या घरी बघता येतं. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर सरकवत दाबत जा. वीतभर पट्टा सगळाच हुळहुळत असेल तर तो बहुधा नेहमीचा नडगीचा त्रास: भार निम्मा करा, बर्फ लावा, पोटरीचा व्यायाम वाढवा. पण अंगठा एका नाण्याएवढ्या जागेवर आल्यावर कळ मस्तकात गेली, रात्री झोपेतही ठणका लागत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता आहे. धावणं तत्काळ बंद, हाडाच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं अंगावर काढू नका. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर खाणं कमी पडतंय, आणि त्याची किंमत हाडं मोजतात.

वेदनाशामक गोळी खाऊन लांब धाव करू नका. दुखणं झाकलं जातं ते वेगळं, पण घाम गेलेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

खाणं-पाणी

स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तळाला जातं, आणि तिथे पाय अचानक जड होतात. म्हणून नव्वद मिनिटांहून लांब धावेत खायलाच हवं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, लहान खजुरात पाच-सहा. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन-तीन खजूर झाले की काम भागलं. पाकिटातलं जेल (धावताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) घ्यायचं तर तेही चालतं. जे शर्यतीत खाणार ते किमान पाच लांब धावांत खाऊन पोटाला पटतंय का बघा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. कमी पिण्याची भीती सगळ्यांना असते, जास्त पिण्याची कोणालाच नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीच्या दिशेने खाली गेलेलं आढळलं, आणि त्यांतले बरेचसे हळू धावणारे, वाटेत भरपूर पाणी पिणारे होते. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यालात. दीड-दोन किलो घटलं असेल तर पुढच्या वेळी थोडं वाढवा. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा.

शेवटचे तीन आठवडे आणि तो दिवस

शेवटच्या मोठ्या धावेनंतर भार पहिल्या आठवड्यात पाऊणपट, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात तीन-चार छोट्या धावा एवढाच. या काळात अंगात सुस्ती येते, नसलेली दुखणी जाणवतात, आणि 'एकदा ३२ करून बघू का' असा विचार येतो. करू नका. शेवटच्या तीन आठवड्यांत नवी ताकद येत नाही, फक्त थकवा येतो. झोप वाढवा, नवे बूट-मोजे घेऊ नका, शर्यतीचा नंबर घ्यायला जातो त्या एक्स्पोमध्ये तासन्‌तास फिरू नका.

वेग ठरवायला अर्धमॅरेथॉनची वेळ घ्या. अडीच तास लागले असतील तर प्रचलित सूत्रानुसार पूर्ण मॅरेथॉनला सव्वापाच तास येतात. पण ते सूत्र भरपूर सराव असलेल्यांचं आहे. आठवड्याला ३५-४० किलोमीटर धावलेल्या नव्या धावपटूने साडेपाच धरून चालावं, म्हणजे किलोमीटरला साधारण सात मिनिटं ५० सेकंद. पहिले दहा किलोमीटर त्याहून दहा सेकंद हळूच जा. अंधार, बँड, मरीन ड्राइव्हची हवा, सगळे शेजारून सुसाट जात असतात, तेव्हा हे फार कठीण जातं. तरीही घड्याळाचं ऐका. वरळीला मुंबईकर केळी, संत्र्याच्या फोडी, बिस्किटं घेऊन उभे असतात. त्यांना हात जरूर द्या, पण पोटाला माहीत नसलेलं काही तोंडात घालू नका. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे आकडे सोडून द्या आणि पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतच बघा. चढ आला तर चाला. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम येणंच थांबलं, तर रस्त्याकडेच्या वैद्यकीय मदतीकडे लगेच वळा.

रेषा ओलांडल्यावर बसकण मारू नका, पंधरा-वीस मिनिटं सावकाश चालत राहा, खारट-गोड काहीतरी खा. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्यात वाटलं तर वीस मिनिटांच्या दोन धावा, आणि पुढची नोंदणी किमान महिनाभर नाही.